थांबल्यावरची दोन मिनिटं

मी एक जुनी टर्बो जीप हाय, मित्रांनो, आन् लई थकलेय. शिरूर अनंतपाळची पोरं लातूरच्या क्लासला सोडण्यात माझी वर्षं गेली. नवी होते तवा चढावर मला कुणी गाठत नव्हतं. पोरं माझ्या मालकांना म्हणायची, "गुंडप्पाकाका, ही जीप न्हाई, विमान हाय."

मग मी अडखळाय लागले. ॲक्सिलेटर दाबला की आधी गप्प, मग झटका, मग काळा धूर. उभी असले तरी अंग थरथरायचं. तीच पोरं म्हणाली, "काका, हिलाबी क्लास लावा."

मिस्त्र्यांनी डिझेल फिल्टर बदललं, नोझल बदलले. मी तशीच. दुखणं मला ठावं होतं, पर सांगू कसं?

मालक त्र्याण्णवच्या भूकंपात ढिगाऱ्याखालून निघालेले. बुडाखाली काही थरथरलं की त्यांचा जीव घाबरा व्हायचा. म्हणून गाडी थांबली की लगेच किल्ली बंद. टर्बो म्हणजे इंजनात हवा कोंबणारं चाक. चढ चढून ते तापलेलं, इंजन बंद झालं की त्यातलं तेल फिरायचं थांबून जागीच जळायचं. रोज.

शेवटी लातूरच्या चन्नबसप्पा मिस्त्रीनं नळी काढून ते चाक बोटानं हलवलं. "ढिलं झालंय, तेल जळून काजळीबी बसलीय. थांबल्या थांबल्या बंद करता का?"

मालक खाली बघत म्हणले, "हाव."

"साफ करून देतो. पर थांबल्यावर दोन मिनिटं चालू ठेवायची. न्हाईतर टर्बो जाम, मग चढ इसरा."

रविवारी मालकांच्या पोरीची, शिवकन्याची, डॉक्टरकीची परीक्षा होती नांदेडला. साडेनऊला गेट बंद. एक चढ चढून आलो तर म्होरं रेल्वे फाटक लागलेलं, पल्याड अजून चढ. मी थरथरत उभी, त्यात मालगाडी आली, जमीन हलाय लागली. मालकांचा हात किल्लीवर गेला.

शिवकन्यानं त्यावर हात ठेवला. "अप्पा, मालगाडी हाय. डबे मोजा."

"तूच मोज की."

"माझं गणित कच्चं, म्हणून तर डॉक्टरकीला चाललेय."

त्यांनी अठ्ठावन्न मोजले. सदरा घामानं भिजला, पर किल्ली फिरवली न्हाई. मी गप उभं राहायला लई बघितलं. जमलं न्हाई.

फाटक उघडलं, मी चढ काढला. नऊ-वीसला पोरगी गेटाच्या आत गेली. मालक उतरले न्हाईत. दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून, डोळे मिटून, दोन मिनिटं बसले. मग बंद केलं मला.

मित्रांनो, माझं आता किती राहिलंय ठावं न्हाई. पर गाडी बिघडली तर नुसतं इंजन उघडू नका. चालवणाऱ्यालाबी एकदा इचारा, तुला काय व्हतंय.