दादासोंचा हात

"ज्योतिबा, त्यांच्या गळ्यात ढोल घालू नगंस रं. डाक्टरनं न्हाई म्हटलंय," कनातीआडून दादासोंच्या पत्नी भामाकाकू म्हणाल्या.

मी महोत्सवाचा संयोजक. म्हणजे पाण्याच्या टँकरपासून माइकपर्यंत सगळ्यांच्या शिव्या खाणारा माणूस. जतच्या माळावर पाच गावांचे ढोलवाले जमले होते. शेवटी सगळ्यांनी मिळून वाजवायचं. काय वाजवायचं ते ठरलेलं नसतं. एकानं चाल काढायची, दुसऱ्यानं उचलायची. ठरलेलं एवढंच, की सगळ्यांच्या पुढे उभ्या असलेल्या ढोलवाल्यानं हात वर केल्याशिवाय कुणी थांबायचं नाही. मध्येच तुटलेला ढोल देवाला चालत नाही, असं आमच्याकडे मानतात.

आणि पुढे दादासोच हवे होते. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस, पण ढोल गळ्यात पडला की पाचही गावं त्यांच्याच हाताकडे बघत. दुसरं नाव काढलं असतं तर डोकी फुटली असती.

"काकू, दोनच चाली. मी सांगतो त्यांना."

"लगीन झाल्यापासनं माजं ऐकलं न्हाई, तुजं काय ऐकत्यात?"

दादासो चहा पीत बसले होते. ऊन उतरलं होतं, तरी त्यांचा पटका घामानं भिजला होता. कनातीमागे मी ॲम्ब्युलन्स उभी करून ठेवली होती. तिच्याकडे बघायला मन होईना.

"दादा, दोन चाली झाल्या की हात वर."

"आन् इसरलो तर?"

"तर काकू येऊन करतील."

"करंल गड्या. तिचा काय नेम न्हाई," म्हणून ते हसले.

पहिली चाल संथ गेली. दुसरी चढली. हात वर झाला नाही. तिसरी सुरू झाली तशी मी समोरून खुणा केल्या, पण दादासो डोळे मिटून होते. तोंडावर हसू, ओठ मात्र काळसर. मला भीती वाटली.

मग ते गुडघ्यांवर बसले. ढोलवाले रंगात आले की तसे बसतातच. लोकांनी शिट्ट्या मारल्या. दादासोंचं टिपरू थांबलं. डोकं हळूच ढोलावर टेकलं.

बाकीचे वाजवतच राहिले.

"थांबा रं," मी माइकवर ओरडलो. कोण ऐकतो? सगळ्यांचे डोळे त्या एका हातावर. त्यांचा मुलगा इंद्रजित, पलटणीतून सुट्टीवर आलेला, शेजारी झांज वाजवत होता. त्याला कळलं होतं. तो रडत होता आणि वाजवत होता.

गर्दीतून भामाकाकू आल्या. घाई केली नाही. नवऱ्याजवळ खाली बसल्या, नाकाशी बोटं धरली. मग टिपरू धरलेली त्यांची मूठ आपल्या हातात घेतली आणि जमेल तेवढी उंच केली.

माळ गप्प झाला.

"आवं, झालं की वाजवून," काकू म्हणाल्या आणि तो हात सावकाश त्यांच्या मांडीवर ठेवला.