पारण्याचा पहिला चमचा

पहिला चमचा मीच भरवला. नातेवाइकांना नावं ठेवायला माझी जीभ कायम सैल, पण हे मात्र माझ्याच हातून झालं.

दाखूबाईने, माझ्या बायकोने, यंदा पर्युषणात अठाई केली. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी. तिच्या पित्ताशयात खडे आहेत हे उन्हाळ्यातच कळलं होतं. ऑपरेशन मीच दिवाळीनंतरवर ढकललं. सणासुदीत अक्कलकुव्याचं कापडाचं दुकान सोडून दवाखान्यात कोण बसणार?

पाचव्या उपवासाला डॉक्टर हेमकांत दुकानात आला. मूळचा प्रकाशा गावचा, माझ्या मुलाचा, जिनेशचा दोस्त, माझ्याशी अहिराणीतच बोलतो.

"काका, उपासमा पित्त वापरायस नही, पिसवीमा साची ऱ्हास. आठ दिनमा घट्ट व्हई जाई. मंग पोटमा तूप गयं का पिसवी एकदम पिळाय जाई आन खडा नळीमा अडकी. पारणाले नुसतं मूगनं पानी द्या. तूपना थेंब नको."

मी मान डोलावली. घरी दाखूबाईलाही सांगितलं. "बरं," म्हणाली.

पारण्याच्या सकाळी घर भरलं होतं. आमच्यात तपस्व्याला आपल्या हाताने एक चमचा भरवणं मोठ्या पुण्याचं. सुनेने, आयुषीने, मुगाचं पाणी आणलं. माझ्या थोरल्या बहिणीने वाटीत डोकावून पाहिलं.

"आठ उपवास केलेल्या बाईला हे? भंवरलाल, घरातलं तूप संपलं का रे?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि आतून पेटलो. एवढ्या लोकांत नाक कापलं गेलं असं वाटलं. आयुषीला म्हणालो, "बदामाचा शिरा कर. तूप सढळ घाल."

"बाऊजी, पण डॉक्टर..."

"मला शिकवू नकोस."

शिरा आला. मी चमचा पुढे केला. दाखूबाईने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. तरी तिने तोंड उघडलं. चारचौघांत तिने मला कधीच खाली पाहायला लावलं नव्हतं. माझ्यामागून बहिणीने भरवलं, मग व्याह्यांनी, शेजाऱ्यांनी. कुणाचा चमचा नाकारणार?

दुपारी तिच्या बेंबीवर कळ उठली, पाठीपर्यंत गेली. संध्याकाळी आम्ही नंदुरबारला होतो.

खडा खाली सरकून स्वादुपिंडाच्या नळीच्या तोंडाशी अडकला होता. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं. अन्न पचवणारा रस त्या पिंडात तयार होतो, पण आतड्यात पोचेपर्यंत झोपलेला असतो. वाट बंद झाली की आतच जागा होतो, आणि ज्या पिंडाने तो केला त्यालाच पचवायला लागतो. दुर्बीण घालून खडा काढला, पण रस आधीच जागा झाला होता.

"तोंडाने काही द्यायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "पाणीसुद्धा नाही."

मी कापसाने तिचे ओठ ओले करत बसायचो. शेजारच्या खाटेवर कुणी डबा उघडला की ती डोळे मिटून घ्यायची. चौथ्या दिवशी मला जवळ बोलावलं.

"माझी अठाई अजून संपली नाही का हो?"

मला रडू फुटलं. "दाखू, चूक माझी," म्हणालो. तिने हात हलवला. राहू द्या म्हणाली, की पाणी द्या म्हणाली, मला कळलं नाही. सहाव्या दिवशी पहाटे ती गेली.

तिला पोचवून आलो. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, नातेवाईक डबे आणतात. मी ठरवलं होतं, निदान आठ दिवस अन्नाला शिवायचं नाही. तिच्यासाठी एवढं तरी.

बहिणीने खिचडीचा डबा उघडला. तुपाचा वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. लाज वाटली, स्वतःची घृणा आली, तरी ते सुटतच राहिलं. मी गिळलं, तोंड पुन्हा भरलं.

"खा रे, एक चमचा. माझ्या हातचा."

सगळे बघत होते. मी तोंड उघडलं.