सिल्व्हर क्वेलचा मनकवडा

बुधवारी सकाळी दहाला अमेरिकेतल्या रेनो शहरातल्या सिल्व्हर क्वेल कॅसिनोत पाय ठेवायला जागा नव्हती. बुधवार हा साठीपुढच्यांचा दिवस. खेळताना मशीनमध्ये घालायचं ते कॅसिनोचं प्लास्टिकचं कार्ड दाखवा आणि फुकट भेट घेऊन जा. आज पातेलं होतं. ज्यांच्या गॅरेजात फुकटातली तीन पातेली धूळ खात पडली होती, तेही चौथ्यासाठी काठी टेकत उभे होते. रांगेत चर्चा मात्र ड्वेनची चालली होती. बड्या गिऱ्हाइकांची सरबराई करणारा, गुळगुळीत दाढीचा हा गडी.

"त्याला मनातलं कळतं," प्राणवायूची नळी नाकाशी लावलेली एक म्हातारी सांगत होती. "मी उठायच्या बेतात होते, कुणाशी बोलले नव्हते. तेवढ्यात हा पुढ्यात उभा! म्हणाला, 'माझं मन म्हणालं, आज तुम्हाला आधार हवाय.' आणि दिला वीस डॉलरचा खेळ फुकट!"

रांगेत उभी व्हर्ना ऐकत होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. दुसऱ्या एका कॅसिनोत अशाच सभासद-कार्डांच्या काउंटरवर तिने एकोणीस वर्षं काढली होती. हीच पोपटपंची तिनंही केली होती, पगार घेऊन. आता तिची थोरली बहीण आर्लीन त्याच जाळ्यात अडकली होती.

आर्लीनचं सोनेरी कार्ड टिकायला, खेळून कमवायचे चाळीस हजार गुण कमी पडत होते, आणि डिसेंबर संपत आला होता. एक जानेवारीला कार्ड पुन्हा साधं होणार, आणि साध्या कार्डवाल्यांकडे ड्वेन फिरकत नसे. म्हणून खेळायला पैसे उभे करण्यासाठी ती वर्षापूर्वी वारलेल्या नवऱ्याचा, रॉयचा, ट्रक विकायला निघाली होती. गिऱ्हाईक दुपारी दोनला येणार होतं.

"अगं, कार्डाच्या रंगासाठी ट्रक विकतेस?" व्हर्नानं तिला विचारलं.

"रंगासाठी नाही. रॉय गेला तेव्हा इथे मी कुणालाच कळवलं नव्हतं. चार आठवडे घराबाहेर पडले नाही. आणि दारात फुलं आली, ड्वेनची! त्याला कसं कळलं, सांग ना! तू याच गावात राहतेस. अंत्यविधीनंतर किती वेळा आलीस?"

"एकदा," व्हर्ना म्हणाली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "आज फक्त एक कर. कार्डांची अदलाबदल करू. मग विक खुशाल."

आर्लीन व्हर्नाचं कार्ड घालून आपल्या नेहमीच्या मशीनवर बसली. व्हर्ना आर्लीनचं कार्ड घेऊन लांब, खांबाआडच्या मशीनवर गेली. पाऊण तासात दोघींचं दिवाळं वाजलं. आर्लीन सत्तर डॉलर हरून डोळे पुसत होती. ड्वेन तिच्या पाठीमागून तरातरा गेला. डोळे फोनमध्ये. तो थांबला नाही. आर्लीन उठून त्याच्या मागोमाग गेली.

"मिस आर्लीन!" खांबाआड पोचताच ड्वेन पाठमोऱ्या पांढऱ्या केसांना म्हणाला. "माझ्या मनानं सांगितलं, आज तुम्ही उदास आहात!"

व्हर्नानं खुर्ची वळवली. "मी व्हर्ना. आर्लीन तुमच्या मागे आहे. रडत होती ती. तुमच्या मनानं तिला ओळखलं नाही वाटतं?"

ड्वेन हसला, पण ते हसू नीट बसलं नाही.

"मन कसलं! कार्ड सांगतं यांना," व्हर्ना बहिणीला म्हणाली. "माणूस ठरलेल्या आकड्याइतका हरला की फोन वाजतो: उठायच्या आत गाठा. चार आठवडे कार्ड मशीनमध्ये गेलं नाही की दुसरा निरोप येतो: फुलं पाठवा. मी स्वतः पाठवलीत, शेकड्यानं."

आर्लीननं तिच्याकडे पाहिलंच नाही. ती ड्वेनला म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं नाव काय?"

ड्वेननं फोनवर बोट फिरवलं. तिथे तिचा वाढदिवस होता, आवडतं मशीन होतं, आवडतं सूपही होतं.

"तुमचे मिस्टर..." तो गोड आवाजात म्हणाला, "कशी आहे हो आता त्यांची तब्येत?"

भोवतीची मशीनं खणखणत राहिली. आर्लीननं मशीनमधलं आपलं कार्ड ओढून काढलं.

गर्दीतून ती नळीवाली म्हातारी पुढे आली. "मग माझे ते वीस डॉलर?"

"तुमचेच होते, बाई. या मशीनमधून शंभर डॉलर फिरवले, म्हणजे खेळात लावले, की सरासरी दहा ते गिळतं आणि कार्डावर पाव डॉलर परत देतं. हिचे चाळीस हजार गुण म्हणजे चाळीस हजार डॉलर फिरवायचे. चार हजार जातील, शंभराचा फुकट खेळ मिळेल. कमी गिळणाऱ्या दुसऱ्या मशीनवरही गुण तेवढेच मिळतात. हे यांच्यापैकी कुणी कधी सांगितलं तुम्हाला?"

"पण पातेलं तर फुकटच ना?" म्हातारी म्हणाली, आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.

दोन वाजता आर्लीननं गिऱ्हाइकाला परत पाठवलं. ट्रकमध्ये बसून ती व्हर्नाला म्हणाली, "त्या चार आठवड्यांत एकालाच माझी आठवण झाली, असं मी मानत होते. तेही काढून घेतलंस. आता बुधवारी जाऊ कुठे?"

"माझ्याकडे ये," व्हर्ना म्हणाली. एवढं म्हणायला तिला एक वर्ष लागलं होतं.

म्हणून सांगणं एवढंच: कुणी तुमच्या मनातलं ओळखलं, तर पाया पडण्याआधी त्याला कळलं कसं ते शोधा. आणि शेजारी, बहीण, मैत्रीण महिनाभर दिसली नाही, तर तिचं दार स्वतः वाजवा. नाहीतर तिच्या दारात फुलं घेऊन कोण उभं राहील, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.