दोन रेकॉर्डचा सेट

दिवाकर बोरकरांचा हट्ट गोल बाजारात सगळ्यांना ठाऊक. बाप रेल्वेत, पण या पोट्ट्यानं लागलेली नोकरी सोडून धाकट्या सुशीलसोबत रेकॉर्डचं दुकान टाकलं. नाव ‘सूरदीप’. आणि चाललं ना, बाप्पा! गोल बाजारानंतर पंडरी, गुढियारीत दुकानं निघाली, मग थेट भिलाई आणि बिलासपूरला. कॅसेटच्या जमान्यात लग्नसराईला दुकानात पाय ठेवायला जागा नसे. दोघं भाऊ एका डब्यात जेवत, एका स्कूटरवर फिरत.

मग सीडी आली आणि तिच्या मागोमाग मोबाइल. गिऱ्हाइकं मेमरी कार्ड पुढे करायची, “भैया, गाने भर दो.” सुशील म्हणाला, भरून देऊ, नाहीतर बुडू. दिवाकरराव भडकले.

“चोरीचा माल माह्या दुकानात नाही चालणार!”

“मंग बस तुह्या रेकॉर्डी घेऊन उपाशी!” सुशील गिऱ्हाइकांसमोर बोलून गेला. ते मोठ्या भावाला फार लागलं.

वाटणी झाली. दुकानं वाटली, शेवटी दोघांच्या लाडक्या रेकॉर्डी उरल्या. एक तुझी, एक माझी करता करता हाती आला सतारीचा दोन रेकॉर्डचा सेट. पहिलीत आलाप, दुसरीत त्याच रागाची द्रुत गत. शहाण्या माणसांनी तो एकाला देऊन टाकला असता. पण शहाणपण कोणाकडे होतं तेव्हा! आलाप सुशीलनं नेला, गत दिवाकररावांकडे राहिली. कव्हरही त्यांनीच ठेवलं, मोठा म्हणून. सुशीलनं आपली रेकॉर्ड पेपरात गुंडाळली आणि मागे न बघता गेला.

त्यानंतर दोघांचंही बुडालं. सुशीलचं मेमरी कार्ड कोणी विचारेना, कारण गाणी सरळ फोनवरच आली. दिवाकररावांची दुकानं एकेक करत गेली. हेडफोन आणि चार्जर विकून तगलेलं गुढियारीचं शेवटचं शटरही काल उतरलं. आता भांडायला काही उरलंच नव्हतं. पण इतक्या वर्षांनी भावाच्या दारात उभं राहायचं कोणत्या तोंडानं?

दिवसभर ते ती गत असलेली रेकॉर्ड पुसत बसले. सून स्नेहलनं फोन पुढे केला. “बाबा, पूरा राग इसमें है. सुन लो ना.”

“नको. मले सुशीलचीच रेकॉर्ड पाहिजे.”

“रेकॉर्ड पाहिजे का सुशील?” वनमालाबाईंनी आतून विचारलं.

बायकोवर डोळे वटारून त्यांनी कव्हरासकट रेकॉर्ड काखेत मारली आणि चपला घातल्या.

दार सुशीलनंच उघडलं. केस पार पिकले होते.

“तुह्याकडे आलाप आहे नं?” दिवाकरराव उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. “मी गत आणली. एकदा सलग ऐकू म्हटलं.”

सुशीलनं त्यांना आत बसवलं आणि पेपरात गुंडाळलेली रेकॉर्ड घेऊन आला. तेवढ्यात त्याची बायको शर्मिष्ठा चहा घेऊन आली.

“अहो, ही घासलेली काहून लावता? तुम्ही नागपूरहून आणलेला पूर्ण सेट आहे नं कपाटात!”

सुशीलनं मान खाली घातली. दिवाकररावांनी हातातला कप खाली ठेवला.

“पूर्ण सेट? केव्हापासून?”

“वाटणीनंतरच्या दिवाळीपासून,” सुशील पुटपुटला.

“आणि मी भैताडासारखा अर्ध्यावर बसून राहिलो! सांगितलं काहून नाही?” ते उठलेच.

“सांगितलं असतं, तर तुह्या रेकॉर्डची मले गरज नाही असं समजून तू कशाले आला असता, दादा?” सुशीलनं त्यांचा हात धरला. “मी तो सेट उघडलासुद्धा नाही. वाट पाहून राहिलो होतो.”

दिवाकरराव परत खाली बसले. डोळे भरून आले, ते त्यांनी लपवलेही नाहीत. मग दोघांनी जुना आलाप लावला, खरखरीसकट, आणि त्यावर गत.

निघताना सुशीलनं दोन्ही रेकॉर्डी एका कव्हरात घातल्या. “घेऊन जा, दादा. आता ही जोडी फोडायची नाही.”

दिवाकररावांनी कव्हरातून आलाप काढला आणि भावाच्या हातात परत ठेवला.

“हा तुह्याकडेच राहू दे. मले पुन्हा यावं लागन नं.”