पहिला घोट

शनिवारी रात्री नेरेइदाच्या बारमध्ये पाय ठेवायला जागा नसते. पुरुष पुरुषांना बिलगून बचाता नाचतात आणि गाण्याचा आवाज पार गल्लीच्या टोकाला जातो. आमाउरी मंगळवारी दुपारी तीनला आला, कारण त्या वेळी कोणी नाचत नाही. त्याचा जोडीदार तेओफिलो जाऊन सात महिने झाले होते. एकतीस वर्षं दोघं इथे जोडीने बसायचे, आज आमाउरी एकटाच.

नेरेइदा लिंबं कापत होती.

"आलास एकदाचा. मला वाटलं, मी मेल्यावरच येशील."

"तुला कोण नेतंय, बये. तिथल्यांनाही रात्रभर नाचवशील."

ती हसली. मग पंख्याखालच्या खुर्चीकडे तिने हनुवटीने खूण केली. "ती मी रोज आत सारून जाते. सकाळी बघावं तर बाहेर ओढलेली, दाराकडे तोंड करून."

खुर्ची तेओफिलोची होती.  घरी पहाटे आमाउरीला अजूनही त्याचा खोकला ऐकू यायचा. तेवढ्यासाठी तो झोपत नसे.

नेरेइदाने रमची नवी बाटली उघडली. पहिला घोट गेलेल्यांचा. तो तिने कोपऱ्यात फरशीवर ओतला आणि नावं घेतली, "इसाइआस. दामारिस. म्हातारा कांदिदो." तिथे ती थांबली. नवं नाव आधी घरच्या माणसाने घ्यायचं असतं. तिने बाटली त्याच्यापुढे धरली.

"आज नको."

"सात महिने ताटकळतोय तो, आमाउरी. ना इकडचा, ना तिकडचा."

"नाव घेतलं तर जाईल."

"जाईलच. खोटं कशाला सांगू?"

पंखा कुरकुरत होता. आमाउरीने बाटली घेतली. कोपऱ्यात ओतताना रम जास्तच सांडली.

"तेओफिलो," तो म्हणाला. जेवायला हाक मारावी तसं.

नेरेइदाने खुर्ची आत सारली. दोघं बघत राहिले. खुर्ची हलली नाही.

"गेला?"

"गेला रे."

थोड्या वेळाने आमाउरीने ती स्वतःच बाहेर ओढली, दाराकडे वळवली आणि बसला. तिच्यावर तो कधी बसलाच नव्हता.

"आता तू कोणाची वाट बघतोयस?" नेरेइदाने विचारलं.

"कोणाची नाही. मी कामावरून यायचो, ते इथून दिसत असणार त्याला."

उघड्या दारात नुसतं ऊन होतं.