सणाच्या झेंड्यावरची काळी फीत

चार मे, देशाला स्वातंत्र्य परत मिळाल्याचा सण. सकाळी आउस्माबाईंनी झेंड्याची काठी बाहेर काढली, तर टोकाला काळी फीत तशीच. पूर्वी हद्दपार करून सैबेरियात नेलेल्या माणसांच्या दुखवट्याच्या दिवशी, मार्चमध्ये बांधलेली. सणाला ती सोडून ठेवायची, हे गावातल्या मुलांना बाईंनीच शिकवलं होतं.

आखडलेल्या बोटांना गाठ सुटेना. कात्री आणायला त्या उठल्या आणि दारातच थांबल्या. गल्लीतली बाकीची चारही घरं बंद; माणसं कामासाठी आयर्लंडला गेलेली. फिरत्या दुकानाची गाडी एका गिऱ्हाइकासाठी आत वळत नसे. दर मंगळवारी बाईच मोठ्या रस्त्यावर जात, गाडीच्या खिडकीतून "एक काळा पाव" म्हणत. आठवड्याचं बोलणं तेवढंच.

बघू तरी, कुणाचं लक्ष जातं का. त्यांनी फितीसकट झेंडा भिंतीवरच्या कड्यात खोचला आणि खिडकीशी बसल्या.

रस्त्यावरून गाड्या गेल्या. एक सायकलवाला गेला, त्यानं मानही वळवली नाही. चहा निवला. दुपारनंतर बाईंना स्वतःचीच लाज वाटू लागली. त्या कात्री आणि स्टूल घेऊन बाहेर आल्या, तोच फिरत्या दुकानाची गाडी धूळ उडवत गल्लीत शिरली. ती चालवणाऱ्या इनेसेनं दार उघडंच टाकून धाव घेतली.

"बाई! कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मला वाटलं, तुम्हीच!"

"आणि मेल्यावर उठून झेंडा लावला होय? चौथीत होतीस तेव्हाही आधी बोलायचीस, मग विचार करायचीस."

इनेसे हसत स्टुलावर चढली. "आणि तुम्ही? सणाला काळी फीत! याच चुकीसाठी मला दहादा नियम लिहायला लावला होतात. विसरलात ना?"

हो म्हणणं सोपं होतं. बाईंनी कात्री खिशात घातली.

"विसरले नव्हते गं."

इनेसेचा हात गाठीवरच थांबला. मग नखांनी तिनं ती हळूहळू सोडवली, फीत गुंडाळून बाईंच्या हातात ठेवली. जाताना गाडीतून म्हणाली, "पाव हवा असला की फाटकाला पंचा लावा. मी आत वळेन. झेंड्याला मात्र त्रास द्यायचा नाही, बाई."

पुढच्या मंगळवारी पहाटेच फाटकावर धुतलेला पांढरा पंचा लटकत होता. डब्यात अर्ध्याहून जास्त पाव शिल्लक होता.