शेऱ्याचा रकाना

सव्वीस जानेवारी जवळ आली की पोलीस ठाण्यातून गावोगावच्या पोलीस पाटलांना एक छापील कागद येतो. गावात कोण परका आला, कुठला, कशासाठी आला, आणि सर्वांत शेवटी शेऱ्याचा रकाना. उंबरमाळीच्या अंगाला, आग्रा रोडला लागून असलेल्या एका वाडीचे पोलीस पाटील होते धाऊ. त्यांनाही तो कागद दरवर्षी यायचा आणि दरवर्षी ते त्यावर 'कोणी नाही' असे लिहून मोकळे व्हायचे. १९९४ साली मात्र त्यांना तसे लिहिता येईना.

कारण त्या साली वाडीत परका आला होता.

कसाऱ्याचा घाट उतरून ट्रक खाली आले की त्यांचे ब्रेक आणि कमानपाटे तपासायला मेहरसिंगांचे गॅरेज होते. एकाहत्तर सालापासून हा माणूस तिथेच होता. त्याची दाढी वाडीच्या डोळ्यांदेखत पांढरी झाली होती, तेव्हा त्याला परका म्हणावे असे कुणाच्या मनात येत नसे. पण महिन्याभरापूर्वी विलायतेहून त्याचा पुतण्या आला, तेजपाल. विशीतला, अंगात जाड जाकीट, गळ्यात कॅमेरा आणि सोबत व्हिडिओ कॅसेटींनी भरलेले एक खोके.

मुंबईत बॉम्ब फुटून वर्षही झाले नव्हते. धाऊ पाटील रोज सकाळी स्टँडवरच्या हॉटेलात पेपर मोठ्याने वाचून दाखवीत. एके दिवशी आतल्या पानावर बातमी आली: 'महामार्गावर अतिरेक्यांचा वावर?' सोबत पगडीवाल्या एका माणसाचा फोटो. शेवटचे प्रश्नचिन्ह पाटलांनी वाचलेच नाही. आपल्यापैकी किती जण वाचतात?

त्या दिवसापासून पाटलांना जे दिसे ते वाकडेच दिसे. पोरगा रेल्वेच्या पुलाचा फोटो काढताना दिसला. काका-पुतणे शेडच्या मागे पंजाबीत तावातावाने भांडत आणि पाटलांची चप्पल वाजली की दोघेही गप्प होत. रविवारी चार-पाच ट्रक तिथेच थांबत, सगळे सरदार आत जाऊन बसत आणि दार ओढून घेत. आत गुरुबाणीचा पाठ चालतो हे पाटलांना वीस वर्षे माहीत होते. आता त्यांना वाटू लागले, पाठ असेल, पण पाठानंतर काय?

शेवटी एक दिवस पाणी मागायच्या निमित्ताने ते गॅरेजात शिरले आणि खोक्यातली एक कॅसेट पिशवीत टाकून बाहेर पडले. खर्डीला जना नावाचा माणूस लग्नकार्यात व्हिडिओ भाड्याने द्यायचा. त्याच्याकडे दोघांनी दार लावून ती कॅसेट पाहिली. मंचावर एक पुढारी हात उगारून बोलत होता. खाली हजारोंची गर्दी. मध्येच हार घातलेले फोटो, मध्येच धूर, पडक्या भिंती. दोघांना अक्षरही कळले नाही.

"पाटील, आता काय रायलं?" जना हळूच म्हणाला. "कागदावर लिवून टाका, नायतर उद्या तुमच्याच गळ्याशी येल."

घरी येऊन पाटलांनी पेन काढले. नाव, गाव लिहिले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: 'हालचाली संशयास्पद.' दोनच शब्द. पण त्या दोन शब्दांवर जीप येणार, काका-पुतण्याला घेऊन जाणार आणि पुढे काय होईल ते कुणी सांगू शकत नव्हते, हे पाटलांना पक्के ठाऊक होते. म्हणूनच शाईने लिहूनही त्यांनी सही केली नव्हती.

त्यांची बायको सकुबाई वालाच्या शेंगा सोलत बसली होती. नवऱ्याचा चेहरा तिला वाचता यायचा. तिने विचारले आणि पाटलांनी सगळे सांगितले, कॅसेट चोरल्याचेही.

सकुबाईने सूप बाजूला ठेवले. "त्या चौऱ्याऐंशी साली रोडवरची माणसं सळया घेऊन सरदाराला हुडकत आलीवती. मामंजी तवा पाटील व्हते. तीन दिस त्यांनी मेहरसिंग भावजींना या कणगीमागं ठेवलं. भाकरी मी नेऊन देत व्हते. मामंजींनी तवा कुनाचा पेपर वाचलावता?"

"तवाची गोष्ट येगळी."

"काय येगळी? माणूस त्योच हाय. मनात हाय तं त्याच्या तोंडावर जाऊन इचारा. नंतर करा सई. चला, मी पन येते."

पाटलांनी कागदाची घडी घातली. कागद खिशात, कॅसेट पिशवीत, असे ते बायकोच्या मागून निघाले.

मेहरसिंग एका ट्रकचा पाटा चढवीत होते. पाटलांनी कॅसेट समोरच्या पिंपावर ठेवली. "सरदार, ही मी चोरली. यात काय हाय ते सांग."

मेहरसिंगांनी हात पुसले. त्यांची मराठी इथलीच, वाडीत उचललेली. "पायलीस?"

"पायली."

"समजली?"

"नाय."

"मंग भ्यालास कशाला?" ते हसले, पण हसू टिकले नाही. "तुला वाटतं तीच कॅसेट हाय ती. माझा विलायतेतला भाऊ, तेजपालचा बाप, दरसाल पाठवतो. त्यातला पुढारी बोलतो, आपलं येगळं राज्य पायजे, त्याच्यासाठी मेले ते समदे संत. भावाला वाटतं मी इथं झोपलोय, मला जागं केलं पायजे."

"आन् तू काय बोलतंस?" पाटलांच्या आवाजात अजून पोलीस पाटील होता.

"तिकडं पंजाबात माझ्या गावात काय झालं ते सांगतो. पोलिसांनी माझ्या बहिणीच्या पोराला घरातनं नेला. तो परत आला नाय. पुढच्या साली ह्याच पुढाऱ्याचं नाव घेऊन पोरं आली आन् शाळेच्या मास्तराला दारात गोळी घातली, कारण त्यानं शाळा बंद नाय ठेवली. मास्तर पन सरदारच व्हता. आता ऐक. भावाकडं जो पेपर येतो त्यात भाचा असतो, मास्तर नसतो. तुझ्या पेपरात मास्तर असतो, भाचा नसतो. मी दोघांना वळखत होतो, पाटला. मी कुनाच्या कॅसेटीत बसू?"

पाटलांनी वळून पाहिले. तेजपाल शेडच्या दारात येऊन उभा होता.

"हा पोरगा मला रोज बोलतो, तू घाबरट हाय. म्हनून भांडतो आमी," मेहरसिंग म्हणाले. "त्याचा जन्म तिकडचा. पंजाब त्यानं कॅसेटीतच पायला."

"आन् पुलाचे फोटो?"

उत्तर तेजपालने दिले, अडखळत, हिंदीत. त्याचा बाप विलायतेत सगळ्यांना सांगत असे की भारतात कुठलाही सरदार मान वर करून जगत नाही, आपला भाऊ तिथे लपूनछपून दिवस काढतो. ते खरे आहे का, हे पाहायला तो आला होता. गॅरेज, ट्रक, पूल, वाडी, जे दिसेल त्याचे तो फोटो काढत होता. "डॅडी को दिखाना है. सच क्या है."

पाटलांचा हात खिशावर गेला. आतला कागद अंगाला चटका लावू लागला. दोन शब्द! त्यांनी सही केली असती आणि जीप आली असती, तर त्या बापाचे म्हणणे खरे करून देणारा माणूस धाऊ पाटीलच ठरला असता. आणि विलायतेतल्या पेपराला पुढच्या वर्षीची बातमी मिळाली असती.

त्यांनी कागद काढला आणि मेहरसिंगांच्या हातात दिला. मेहरसिंगांना मराठी वाचता येत होते. त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवले. त्यांचे डोळे भरून आले.

"तू लिवलंस?" एवढेच ते म्हणाले.

पाटलांना जमीन दुभंगून आत घेईल तर बरे, असे झाले.

तेव्हा सकुबाई पुढे झाली. तिने त्या पोराला विचारले, "बाला, आमच्या गोजरबाबाचं कुनी सांगितलं का तुला?"

गोजरबाबा म्हणजे धाऊ पाटलांचे चुलते. गावदेवीची पालखी आधी वरच्या आळीने उचलायची की खालच्या, यावरून एकोणऐंशी साली वाडीत डोकी फुटली होती. वरच्या आळीचे पुढारी गोजरबाबा. पुढे दोन पावसाळ्यांतच भांडण मिटले, कारण लावणीला एकमेकांचे हात लागतात. पण विक्रोळी-घाटकोपरला गेलेल्या पोरांचे मंडळ ते मिटू देईना. दर चैत्राला ते पत्रक छापीत आणि वर गोजरबाबांचा हार घातलेला फोटो: 'पालखीच्या मानासाठी देह ठेवणारे.'

"देह ठेवला," सकुबाई म्हणाली. "दारू पिऊन आंब्याच्या झाडावर चढला आन् पडला. खालच्या आळीच्यांनीच खांद्यावर घालून दवाखान्यात नेला. मुंबईत कुनी त्ये छापत नाय. जो घरी ऱ्हातो त्याला शेजाऱ्याचं त्वांड रोज बघाया लागतं. लांब गेला त्याच्यापाशी नुसता फोटो ऱ्हातो."

मेहरसिंगांनी पंजाबीत सांगितले तसा तेजपाल हसला. मग मात्र तो गंभीर झाला. "आमचे लोक झाडावरून पडले नाहीत, चाची," तो हिंदीत म्हणाला. "त्यांना मारलं."

"हां," सकुबाई म्हणाली. "म्हनून तं खरं सांगाया पायजे. भाच्याचं पन, मास्तराचं पन."

पोराने मान खाली घातली. मग त्याने विचारले, चौऱ्याऐंशीत आपण जिच्यामागे लपलो होतो असे काका सांगतात, ती कणगी अजून आहे का?

त्याच दुपारी त्याने कणगीचा फोटो काढला. शेजारी सकुबाई उभी होती, आणि बाजूला अवघडून, टोपी सारखी करीत धाऊ पाटील. त्याआधी पाटलांनी दुसऱ्या, कोऱ्या कागदावर तेच रकाने आखून घेतले होते. नाव: तेजपाल. कुठला: इंग्लंड. कशासाठी: चुलत्याला भेटायला. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिले, 'मी स्वतः जाऊन विचारले,' आणि खाली सही केली.

चैत्रात पाटलांचा धाकटा भाऊ नवसू विक्रोळीहून पत्रकांचा गठ्ठा घेऊन आला. पाटलांनी गठ्ठा उंबऱ्यातच अडवला. "आधी खालच्या आळीत जा. जेव त्यांच्याकडं. मंग वाट, काय वाटायचं त्ये."

नवसू गेला. गठ्ठा ओसरीवर तसाच राहिला.

बंधूंनो, भगिनींनो, तुमच्या-माझ्या खिशातही असा एक कागद असतो. पेपर वाचून, कॅसेट पाहून, कुणाचे ऐकून आपण त्यावर शेरा लिहून ठेवलेला असतो. सही करण्याआधी त्या माणसाच्या दारापर्यंत एकदा चालत जा. धाऊ पाटलांना ते अंतर फार लांब वाटले होते. मोजले तर त्यांच्या घरापासून गॅरेज अवघी तीन शेते पलीकडे होते.